प्रबंधाच्या वाटेवरचे प्रश्न : बडोद्यातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

मी बडोद्यातच शिकले. माझा प्रबंध शिक्षणाच्या इतिहासावर होता आणि तो पुरा केल्यापासून दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मांजलपूर अशा सगळीकडून मुलं-मुली आपापली बाडं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत एम.ए. मराठीवाले असतात, एम.एड.वाले असतात, बी-स्कूलमधलेही असतात. विषय निरनिराळे असले तरी प्रश्न बरेचसे तेच असतात. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लघुप्रबंध आणि पीएच.डी.चा प्रबंध यात नेमका फरक काय? मधे एम.फिल. करावं का?

एम.ए., एम.एड. किंवा एम.बी.ए.च्या शेवटी जो लघुप्रबंध असतो, त्यात तुम्हाला संशोधनाची पद्धत वापरता येते एवढं दाखवायचं असतं. मर्यादित साहित्य, एक नेमका प्रश्न आणि प्रामाणिक उत्तर एवढं त्याला पुरतं. पीएच.डी.च्या प्रबंधात मात्र आधी कुणी न सांगितलेलं काहीतरी असावं लागतं. ते फार मोठं नसलं तरी चालतं, पण ते तुमचं हवं.

एम.फिल. आता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने ती पदवी बंद केली. कुणी अजूनही एम.फिल.ला प्रवेश देऊ करत असेल, तर पैसे भरू नका.

२. पीएच.डी.च्या प्रवेशाला किती टक्के लागतात? नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) नसेल तर?

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. चार वर्षांची पदवी घेऊन थेट येणाऱ्यांना ७५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर इतर मागास, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे.

नेटच्या निकालात आता तीन गट असतात : फेलोशिपसह पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. दोन्हींना पात्र, आणि फक्त पीएच.डी.ला पात्र. नुसत्या पीएच.डी.पुरते पात्र झालात तरी तो निकाल वाया गेलेला नसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. ते वर्ष हातचं जाऊ देऊ नका. तुमच्या विभागात त्या वर्षी जागा किती आणि स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे का, हे जाहिरात निघाली की विभागात जाऊन विचारावं. फोनवर अर्धवट उत्तरं मिळतात.

३. विषय कसा निवडू? मला खूप विषय आवडतात.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून याला सगळ्यांत जास्त जागा देते.

एक मुलगी ‘स्त्रीशिक्षण : एक अभ्यास’ असा विषय घेऊन आली होती. मी तिला एवढंच विचारलं, की उद्या सकाळी रिक्षाने जाऊन तू यातलं कोणतं कागदपत्र हातात घेऊ शकतेस? तिला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही उलट बाजूने निघालो. बडोद्यात काय आहे? सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. राज्याचे वार्षिक अहवाल आहेत, ‘आज्ञापत्रिका’ हे राज्याचं राजपत्र आहे. मग प्रश्न असा झाला : सक्ती लागू झाल्यावर मुलींच्या गैरहजेरीबद्दल दंडाची तरतूद प्रत्यक्षात कशी राबवली गेली, आणि पालक त्यातून कसे सुटत होते? एका राज्याचा आणि काही वर्षांचा हा प्रश्न. त्याचं उत्तर कागदातून निघण्यासारखं आहे.

माझं सांगणं सगळ्यांना हेच असतं : आधी साहित्य पाहा, मग विषय ठरवा. आवडीचा विषय घेऊन साहित्य शोधत फिरणाऱ्यांची दोन वर्षं फिरण्यात जातात. हे साहित्याच्या अभ्यासालाही लागू आहे. ‘मराठी कादंबरीतील ग्रामीण जीवन’ यावर शेकडो पानं लिहिता येतील आणि तरीही हाती काही लागणार नाही. त्याऐवजी श्री सयाजी साहित्यमालेत आणि बालज्ञानमालेत मराठी पुस्तकं कोणत्या विषयांवर निघाली, अनुवाद किती, स्वतंत्र किती, आणि अनुवादकांनी शास्त्रीय शब्द कसे घडवले, हे पाहा. ही पुस्तकं इथल्याच कपाटांत आहेत.

वाणिज्याचंही तसंच. ‘भारतीय बँकिंग क्षेत्रातील ग्राहक-समाधान’ हा विषय मी आजवर इतक्यांदा पाहिला आहे, की आता तो कुणी आणला की वाईट वाटतं. बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये इथेच सुरू झाली. मांडवीजवळच्या जुन्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी डिजिटल पेमेंट स्वीकारताना उधारीचं वहीखातं सोडलं का, की दोन्ही सांभाळलं, असा प्रश्न घ्या. पायी फिरून उत्तर मिळेल, आणि ते तुमच्याआधी बहुधा कुणी दिलेलं नसेल.

विषयाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावता येत नसेल, तर तो अजून विषय झालेला नाही असं धरून चाला.

४. गाइड कसे मिळवायचे? मेल करते, उत्तरच येत नाही.

एका प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे पुष्कळदा गाइडची इच्छा असते, पण जागा नसते. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही आधी पाहून घ्या.

मेलमध्ये ‘आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची आहे’ एवढंच लिहिलं तर त्याला उत्तर काय द्यायचं? त्यांचा एखादा लेख वाचा, त्यातला कोणता मुद्दा तुमच्या प्रश्नाला भिडतो ते चार ओळींत लिहा, सोबत दोन पानांचा आराखडा जोडा. आठ दिवसांनी विभागात जाऊन समक्ष भेटा.

५. प्रबंध मराठीत लिहिता येईल का?

मराठी विभागात मराठी साहित्य किंवा भाषेवर काम करत असाल, तर मराठीत. शिक्षण, वाणिज्य, व्यवस्थापन या शाखांत बडोद्याच्या विद्यापीठाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून तिथे इंग्रजीची तयारी ठेवा. इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) देण्याआधी विभागाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी ‘चालेल हो’ यावर विसंबू नका.

मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध छापून छान दिसतो, पण संगणकाला त्यातला एकही शब्द शोधता येत नाही. शेवटी फॉन्ट बदलायला बसलात की ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र आणि ‘ॲ’ हमखास बिघडतात, आणि चारशे पानांत ते एकेक दुरुस्त करावे लागतात.

६. साहित्याचा आढावा म्हणजे पुस्तकांची यादीच ना?

नाही. आढाव्यात तुम्ही सांगायचं असतं, की या प्रश्नावर कोण कुठपर्यंत आलं, कुठे मतभेद आहेत आणि तुम्ही कुठून पुढे निघणार. ‘अमुक यांनी २०१२ मध्ये अभ्यास केला. तमुक यांनी २०१५ मध्ये अभ्यास केला’ असे तीस परिच्छेद एकापाठोपाठ आले, की परीक्षक पान उलटतात.

सुरुवात शोधगंगेपासून करा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात, आणि ती चालवणारं इन्फ्लिबनेट केंद्र आपल्या शेजारी गांधीनगरलाच आहे. शिक्षणशास्त्रवाल्यांना आणखी एक जुनी वाट आहे. भारतातल्या शिक्षणविषयक संशोधनाचं पहिलं मोठं सर्वेक्षण १९७४ मध्ये बडोद्यातच, विद्यापीठाच्या शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्राने, एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली छापलं. त्याआधी कोणत्या विषयावर काय काम झालं होतं, ते त्यात थोडक्यात सापडतं. पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणून ते वगळू नका. ज्याला तुम्ही नवा प्रश्न समजता, तो तेव्हा कुणीतरी विचारून झालेला असू शकतो.

७. बडोद्यात जुनं साहित्य कुठे पाहायला मिळेल?

छापील पुस्तकांसाठी पहिलं ठिकाण हंसा मेहता ग्रंथालय. बडोदा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांचं नाव त्याला दिलं आहे. मांडवी भागातलं सेंट्रल लायब्ररी दुसरं. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये राज्यात ग्रंथालयांचं जे जाळं उभारायला घेतलं, त्याचं हे केंद्र. तिथली जुनी मराठी पुस्तकं पाहायला जाल तेव्हा वेळ घेऊन जा. यादीत असलेलं पुस्तक कपाटात सापडायला कधी दोन फेऱ्या लागतात. इथूनच १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघत होतं. ग्रंथालयशास्त्राच्या किंवा वाचनसंस्कृतीच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं साहित्य शोधून मिळणार नाही.

हस्तलिखितांसाठी प्राच्यविद्या मंदिर. १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’पासून इथली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला छापायला सुरुवात झाली. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली, आवृत्तीही इथेच झाली, १९६० ते १९७५ या काळात. पाठचिकित्सा म्हणजे काय हे ज्यांना नुसत्या व्याख्येवरून कळत नाही, त्यांनी त्या आवृत्तीचं कोणतंही एक पान उघडून तळाचे पाठभेद वाचावेत. श्लोक दोन ओळींचा असतो आणि खाली पाठभेद अर्धं पान व्यापतात.

राज्यकारभाराच्या कागदांसाठी गुजरात राज्य अभिलेखागाराचं बडोद्याचं दफ्तर. इथे जाताना विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, म्हणून त्या अकरा वर्षांसाठी मुंबईलाही जावं लागतं. ब्रिटिश रेसिडेन्सीशी झालेल्या पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आधी चाळा. पुष्कळ फायली घरबसल्या दिसतात.

८. कागद मोडीत आहेत आणि मला मोडी येत नाही. विषय सोडू का?

सोडू नका. नियमितपणे रोज तासभर बसलात तर छापील तक्ते आणि स्वच्छ कागद वाचायला काही आठवड्यांत येऊ लागतात. गिचमिड कागदाला वर्ष लागतं, हेही खरं.

मी पहिला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडला तो दिवस अजून आठवतो. कागद उलगडला आणि नुसत्या रेघाच रेघा दिसल्या. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेषा ओढतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पहिल्या दिवशी मला चार ओळींत फक्त ‘राजश्री’ आणि ‘आज्ञा’ एवढंच लागलं. नंतर कळलं की सुरुवात मायन्यापासून करायची असते. मायने ठरलेले असतात, त्यामुळे काय लिहिलेलं असणार ते आधीच माहीत असतं, आणि त्यावरून त्या कारकुनाचा क कसा आहे, र कसा आहे, हे समजतं. मग त्याच हाताचे दहा कागद एका दमात वाचावेत. हात बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

न लागलेला शब्द अंदाजाने भरू नका. टिपणात चौकोनी कंस करून तो रिकामा ठेवा. काही महिन्यांनी तोच शब्द दुसऱ्या कागदात स्वच्छ भेटतो. तारखांबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

९. एकाच कागदावर शके, संवत आणि भलतंच काहीतरी लिहिलेलं आहे. इसवी सन कसं काढू?

हे बडोद्याचं खास दुखणं, कारण इथे मराठी दफ्तर आणि गुजराती प्रजा एकत्र आली.

शकात ७८ मिळवा. पौषापासून पुढे जानेवारी लागला की गुढीपाडव्यापर्यंत ७९. गुजरातेतला विक्रम संवत मात्र दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेर संवतातून ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. उत्तर हिंदुस्थानातला संवत चैत्रात बदलतो. त्याचा कोष्टक वापरून इथल्या कागदाची तारीख काढली तर सहा-सात महिन्यांसाठी एक वर्षाची चूक होते. मी ती छापील प्रबंधांत पाहिली आहे.

‘भलतंच काहीतरी’ म्हणजे बहुधा सुहूर सन, मराठी दफ्तरांतली जुनी कालगणना. तो अरबी संख्यानामांत लिहितात. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवायचे. तारखेआधी ‘छ’ असेल तर पुढचा महिना मुसलमानी चांद्रमास आहे असं समजा. प्रबंधात मूळ तारीख जशीच्या तशी द्या आणि तुमचं रूपांतर तिच्यापुढे कंसात.

१०. प्रश्नावली किती जणांकडून भरून घ्यावी? सगळे ३८४ म्हणतात.

हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला आहे. त्या तक्त्यात समष्टी (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे) १,००० असेल तर नमुना २७८, १०,००० असेल तर ३७०, एक लाख असेल तर ३८४ असा येतो. आकडा बरोबर आहे. पण तो तक्ता एक गोष्ट गृहीत धरतो : प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी सारखी होती. तुम्ही गूगल फॉर्मची लिंक मामा, मावशी आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकून ३८४ उत्तरं गोळा केलीत, तर ती कुणाचंच प्रतिनिधित्व करत नाहीत. मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची यादी मिळवून तिच्यातून चिठ्ठ्या काढून ८० कारखाने गाठलेत, तर त्या ८० ला अर्थ आहे. सोयीचा नमुनाच घ्यावा लागला असेल तर तसं सरळ लिहा आणि निष्कर्ष त्या माणसांपुरता ठेवा.

क्रॉनबाक अल्फा ०.७ च्या वर आला की प्रश्नावली चांगली, असंही सगळे म्हणतात. त्या आकड्यावरून प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत एवढंच कळतं. प्रश्न योग्य आहेत का, हे कळण्यासाठी आधी दहा-बारा जणांसमोर बसून प्रश्नावली भरून घ्यावी लागते. ते कुठे अडखळतात ते पाहा.

११. मुलाखती गुजरातीत, विचार मराठीत, प्रबंध इंग्रजीत. गोंधळ होतो आहे.

गोंधळ होणारच, कारण दोन्ही भाषा घरच्या आहेत आणि आपण त्यामुळे बेसावध असतो. शिक्षकांच्या मुलाखती घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘मारे आ शीखवुं छे’ या वाक्याचं भाषांतर ‘मला हे शिकवायचं आहे’ असं केलं होतं. गुजरातीत ‘शीखवुं’ म्हणजे शिकणं. त्या बाईंना शिकायचं होतं, आणि त्याच्या प्रबंधात त्या शिकवायला उत्सुक झाल्या. निष्कर्षाची बाजूच उलटली. कामगारांच्या मुलाखतीत ‘हुं हमणां नवरो छुं’ आलं तर त्याचा अर्थ ‘मी सध्या रिकामा आहे’.

म्हणून मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत शब्दशः उतरवा. भाषांतर थेट इंग्रजीत करा, मधे मराठी आणू नका. मोक्याच्या वाक्यांचं मूळ परिशिष्टात द्या. प्रश्नावली भाषांतरित करत असाल, तर एकाने गुजरातीत करावी आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत आणावी. दोन इंग्रजी मसुदे जिथे जुळत नाहीत, तिथला प्रश्न बदलायचा. आणि ध्वनिमुद्रणाआधी संमती घ्या, शक्यतो लेखी.

१२. कंपन्या माहिती देत नाहीत. एम.बी.ए.चा प्रोजेक्ट कसा करू?

गेटवर पत्र देऊन थांबणाऱ्याला माहिती सहसा मिळत नाही. पण पुष्कळ माहिती उघडी असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही पाहता येतात. खासगी मर्यादित कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतात. बँकिंग आणि पतपुरवठ्याची आकडेवारी रिझर्व्ह बँक मोफत देते. मालकीच्या किंवा भागीदारीच्या छोट्या कारखान्यांचं मात्र असं काही नसतं. तिथे माणूसच गाठावा लागतो. उलाढाल विचारू नका. ‘गेल्या वर्षात उधारी वसूल व्हायला साधारण किती दिवस लागले’ असं विचारलं की लोक बोलतात. नावं बदलून लिहिण्याचा शब्द दिलात तर तो पाळा, आणि ‘मकरपुऱ्यातला एकमेव अमुक यंत्र बनवणारा’ असं लिहून तोच शब्द मागच्या दाराने मोडू नका.

१३. किती टक्के साम्य चालतं?

दुसऱ्याच्या मजकुराशी तुमचा मजकूर किती जुळतो, ते सॉफ्टवेअर मोजतं. आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत परत द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. सर्वसामान्य शब्दांची सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणीही वगळतात.

मराठी प्रबंधांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. इंग्रजी पुस्तकातली पानं मराठीत उतरवली की सॉफ्टवेअरला साम्य दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण तसं करतात. परीक्षकाने ते पुस्तक वाचलेलं असतं. दुसऱ्याचा विचार भाषांतर केल्याने आपला होत नाही. तळटीप द्या, एवढंच करायचं आहे. एआयने लिहून घेतलेल्या मजकुरालाही हेच लागू. तो अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ बेधडक देतो. स्वतः उघडून न पाहिलेला एकही संदर्भ सूचीत ठेवू नका.

१४. प्रबंध देण्याआधी लेख छापलेच पाहिजेत का? एका जर्नलने आठवड्यात छापतो म्हणून पैसे मागितले आहेत.

आधीच्या, २०१६ च्या नियमावलीत एक लेख आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमावलीने ती सक्ती काढली. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, तेवढं पाहा. आयोगाची मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली आहे, म्हणून ‘आम्ही केअरमध्ये आहोत’ अशी जाहिरात पाहून भुलू नका. आठवड्यात छापणाऱ्याने लेख वाचलेला नसतो. पैसे देऊ नका.

१५. नोकरी सांभाळून, लेकरं सांभाळून होईल का? मुदत किती?

अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही. किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि पुनर्नोंदणीने आणखी २. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० पर्यंत. प्रसूती व बालसंगोपनासाठी सबंध काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही रजा तुमचा हक्क आहे, मागताना संकोच करू नका.

सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं आणि त्यात ५५ टक्के हवेत. नोकरी करणाऱ्यांची खरी ओढाताण याच काळात होते. रजेचं नियोजन आधी करा.

१६. पैशांचं काय?

जे.आर.एफ. (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एस.आर.एफ.ला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००. ती नसेल तर गुजरात सरकारची ‘शोध’ योजना पाहा. गुजरातमधल्या पूर्णवेळ पीएच.डी. विद्यार्थ्यांना ती दोन वर्षं महिना १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये इतर खर्चासाठी देते. दुसरी फेलोशिप चालू असताना ती मिळत नाही. आपल्याकडचे बरेच जण अर्जाची तारीख उलटल्यावर विचारतात.

१७. काम कुठे साठवून ठेवावं?

तीन ठिकाणी : संगणकावर, वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि इंटरनेटवरच्या एखाद्या ड्राइव्हवर. माझं चौथं प्रकरण फक्त पेनड्राइव्हवर होतं. प्रिंट काढायला नेला आणि तो परत उघडलाच नाही. अडीच महिने ते पुन्हा लिहीत होते.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये परतले, तेव्हा त्यांनी जमवलेली पुस्तकं दुसऱ्या जहाजाने निघाली होती. महायुद्धात ते जहाज बुडवलं गेलं. पुढे १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध छापला गेला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. अर्पणपत्रिकेत शिक्षणासाठी झालेल्या मदतीची कृतज्ञता आहे. हंसा मेहता ग्रंथालयाकडे जाताना सयाजीबागेवरून जाल, तेव्हा ही गोष्ट आठवावी असं मला वाटतं.

१८. लग्न होऊन पुण्याला जाते आहे. अर्धा प्रबंध झाला आहे, सोडून द्यावा लागेल का?

नाही. लग्नामुळे किंवा इतर कारणाने स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थिनीला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय २०२२ च्या नियमावलीत आहे. काम मूळ संस्थेने मिळवलेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं, आणि मूळ संस्थेला व गाइडना श्रेय द्यावं, एवढ्या अटी. इथून निघण्याआधी प्रगती-अहवाल, कोर्सवर्कचं प्रमाणपत्र आणि सल्लागार समितीची टिपणं सहीशिक्क्यासह घ्या. मागाहून एकेका कागदासाठी पुणे-बडोदा फेऱ्या होतात.

१९. गाइड मधेच निवृत्त होत आहेत.

ज्यांची नोंदणी आधीच झाली आहे, त्यांना ते निवृत्तीपर्यंत आणि नंतर सहमार्गदर्शक म्हणून वयाच्या सत्तरीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात. नवे मुख्य गाइड कोण, हे निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी ठरवून घ्या.

२०. माझं गृहीतक चुकीचं निघालं. आता?

तेच लिहा. ‘फळ्यापेक्षा स्मार्ट बोर्डने गुण वाढतात’ असं धरून निघालात आणि फरक सापडला नाही, तर तो निष्कर्षच आहे. आकडे हलवू नका, आणि निकाल पाहून मग गृहीतक बदलून ते आधीपासूनच होतं असंही दाखवू नका. व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक विचारतात तो प्रश्न बहुधा ‘असं का झालं असेल’ हाच असतो, आणि ज्याने लपवलेलं नसतं त्याला त्यावर बोलता येतं.

२१. आजोबांची मोडीतली रोजनिशी माळ्यावर सापडली. ती प्रबंधात वापरता येईल का?

येईल, आणि वापराच. बडोद्याच्या मराठी घरांत, कारकुनांच्या, शाळामास्तरांच्या, फौजदारांच्या माळ्यांवर अशी कागदपत्रं अजून आहेत. दफ्तरात न सापडणारं पुष्कळ काही त्यांत असतं. पण ती आपल्या घरातली आहे, हे प्रबंधात स्पष्ट सांगा, आणि एकट्या रोजनिशीवर निष्कर्ष उभा करू नका. वार्षिक अहवालाशी, आज्ञापत्रिकेशी ताडून पाहा (प्रश्न ७ आणि ९). छापणार असाल तर काका, आत्या, सगळ्या वारसांची संमती घ्या. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरगुती भानगडी असतील तर ती नावं झाकायला हरकत नाही.

वाचायला घेण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, टाचणी किंवा स्टेपल असेल तर हळूच काढा. मग सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. बडोद्याचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘वर’ म्हणजे किती ते सांगायला नको.